फिजिओथेरपीतील फेरविचार: केईएमपासून देवणीपर्यंत

फिजिओथेरपीच्या कामात फेरविचाराला हाताइतकेच आणि डोळ्याइतकेच महत्त्व आहे. दिलेल्या उपचाराने काय झाले, जे व्हायला हवे होते ते का झाले नाही आणि पुढच्या खेपेला काय बदलायचे, हे रुग्ण समोर असताना आणि तो गेल्यानंतरही तपासत राहणे म्हणजे हा फेरविचार. नवख्या आणि मुरलेल्या फिजिओथेरपिस्टमधला फरक यंत्रांत किंवा व्यायामांच्या संख्येत फारसा सापडत नाही, तो इथे सापडतो. महाराष्ट्रात हा पेशा मुंबईतल्या पोलिओच्या वॉर्डात जन्माला आला आणि अर्ध्या शतकाने लातूर, उदगीर, देवणीसारख्या गावांत पोचला. वाटेत त्याची विचार करण्याची रीतही बदलत गेली.

देवणी हा लातूर जिल्ह्याच्या पूर्व कडेचा, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेला तालुका आहे. देवणी जातीच्या गाईबैलांमुळे हे नाव पशुपालकांत दूरवर ठाऊक आहे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे त्या जातीचे रंगावरून ओळखले जाणारे प्रकार. निजामाच्या राज्यात हा मुलूख बीदर जिल्ह्यातल्या उदगीर तालुक्यात होता. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले, १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि १९९९ मध्ये देवणीला तालुक्याचा दर्जा मिळाला. जिल्ह्याचे ठिकाण असे बदलत राहिले, पण मोठ्या दुखण्याला बाहेर पडावेच लागे. बीदर, हैदराबाद, सोलापूर, फार झाले तर मिरजेचे वॉनलेस हॉस्पिटल. हा प्रवास ज्याला झेपत नसे, त्याचे दुखणे गावातच निभावले जाई.

गावात उपचार नव्हते असे मात्र नाही. हात मोडला, सांधा निखळला, पाय मुरगळला की हाडवैद्य होता. बोटांनी चाचपून मोड कुठे आहे ते तो ओळखे, ताण देऊन हाड जागेवर आणी आणि बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधी. कंबर धरली तर मिठाच्या पुरचुंडीचा किंवा तापवलेल्या विटेचा शेक, सूज असेल तर तेल लावून गरम केलेली रुईची पाने, निर्गुडीचा पाला. जुनाट दुखण्यावर बिब्बा घालत, कधी डागही देत. बैलाला द्यायचा तसाच माणसालाही. यातले शेक आणि मालिश आजही चालू आहेत आणि त्यात वावगे काही नाही. हाडवैद्याच्या हातात पिढ्यांचा अनुभव होता, हेही खरे. उणीव होती ती दुसरीकडे. ज्याचा हात बरा झाला तो गावभर सांगे. ज्याची पट्टी आवळून बसली, बोटे काळी पडली किंवा पंजा कायमचा आखडला, तो थेट शहराच्या दवाखान्यात जाई आणि हाडवैद्याकडे परत येत नसे. त्यामुळे आपली चूक कुठे झाली ते हाडवैद्याला कळण्याचा मार्गच नव्हता. अनुभव साठत होता, पण त्याची उलटतपासणी होत नव्हती.

मुंबईत ती उलटतपासणी करायला पोलिओने भाग पाडले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस शहरात पोलिओच्या साथींत शेकडो मुलांचे हातपाय लुळे पडले. त्या सुमारास फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. देशात या आजारानंतरच्या उपचारांची सोय जवळजवळ नव्हती. त्यांनी मुलीला मद्रासला डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे नेले, उपचार स्वतः पाहून शिकल्या आणि १९४७ मध्ये मुंबईत इतर मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजी अलीचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय त्याच धडपडीतून उभे राहिले. केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. त्या मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी. लग्नाने निंबकर झाल्या आणि भारताच्याच झाल्या. पाठोपाठ १९५२ च्या सुमारास केईएममध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. देशातली ती पहिली. १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली आणि त्याच वर्षी भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली. अवघ्या आठ-दहा वर्षांत एक पेशा उभा राहिला, आणि त्याच्या मुळाशी एका आईची निकड होती, हे विसरता येत नाही.

पोलिओच्या कामाने या पेशाला मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची शिस्त लावली. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा अंकांत मांडण्याची पद्धत ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये प्रसिद्ध केली होती. शून्य म्हणजे हालचालच नाही, एक म्हणजे नुसती थरथर, दोन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा भार काढून घेतल्यावर होणारी हालचाल, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल, पाच म्हणजे निरोगी ताकद. मूल टेबलाच्या कडेला पाय सोडून बसते, गुडघा सरळ करते आणि फिजिओथेरपिस्ट मांडीवर बोटे ठेवून पाहतो की काम खरोखर मांडीचा स्नायू करतो आहे की कंबर मागे टाकून पोर चलाखी करते आहे. आकडा तक्त्यात लिहिला जातो. काही आठवड्यांनी तोच स्नायू, तीच स्थिती, पुन्हा आकडा. दोनचा तीन झाला तर व्यायाम लागू पडला, दोनचा दोनच राहिला तर विचार करणे आले. तक्त्यातले हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहणे, हा या पेशातला पहिला लिखित फेरविचार म्हणता येईल.

पण आकडे सगळे सांगत नाहीत, हेही पोलिओनेच शिकवले. मांडीचा स्नायू निकामी झालेले मूल चालताना हाताने मांडी मागे रेटते, म्हणजे गुडघा दुमडत नाही. कधी त्याची टाच वर उचललेली असते, घोटा खाली वळून आखडलेला असतो. पुस्तकाप्रमाणे आखडलेला स्नायू ताणून मोकळा करायला हवा. तसा तो केला की मूल पडू लागते, कारण त्या आखडलेल्या घोट्यामुळेच पाय टेकताना गुडघा मागे ढकलला जाऊन सरळ राहत होता. जे व्यंग दिसत होते तेच आधार होते. ही गोष्ट एकदा कळली की अनुभवी हात कोणताही सांधा मोकळा करण्याआधी विचारतो की हा इथे असा का आखडला असेल आणि सोडवला तर याच्या चालण्यातून काय जाईल. नवखा व्यंग पाहतो आणि दुरुस्त करायला धावतो. मुरलेला आधी त्या व्यंगाचे काम शोधतो. पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आजार गेला, पण तो शिकवून गेलेली ही दृष्टी पक्षाघाताच्या आणि गुडघ्याच्या रुग्णांना अजून उपयोगी पडते.

तरीही पहिल्या दोन-तीन दशकांत फिजिओथेरपिस्टच्या विचाराला पेशात अधिकृत जागा फारशी नव्हती. रुग्ण डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन यायचा आणि चिठ्ठीवर उपचार लिहिलेला असायचा. शॉर्टवेव्ह डायथर्मी, ट्रॅक्शन, मेणाचा शेक, व्यायाम. इतक्या बैठका, इतकी मिनिटे. चिठ्ठीबरहुकूम काम करणाऱ्याकडे निर्णयाची मोकळीक नसते, आणि ज्याचा निर्णय नाही त्याने त्या निर्णयाचा फेरविचार करायचा कशाला? ही स्थिती केवळ भारतात नव्हती. ब्रिटनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकारांची संस्था काढली, तेव्हापासून वैद्यकाची देखरेख हीच या पेशाच्या प्रतिष्ठेची खूण मानली जात होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः तपासून उपचार ठरवण्याची मुभा ऑस्ट्रेलियात १९७६ मध्ये आली आणि ब्रिटनने त्यानंतरच्या वर्षी फिजिओथेरपिस्टला उपचाराचे स्वरूप ठरवू देण्याचा निर्णय घेतला.

गंमत अशी की पेशाला पुढे नेणारे शोध त्याआधीच, चिठ्ठीच्या जमान्यातच, काही जणांच्या चौकस नजरेने लावले होते. १९४३ मध्ये लंडनमध्ये बर्टा बोबाथ ही जर्मनीतून निर्वासित झालेली व्यायामशिक्षिका पक्षाघात झालेल्या एका चित्रकारावर उपचार करत होती. त्या काळी लुळ्या बाजूचा ताठरपणा कायमचाच धरून चालत आणि रुग्णाला उरलेल्या चांगल्या बाजूवर जगायला शिकवत. बोबाथच्या हाताला जाणवले की शरीराची ठेवण बदलली की ताठरपणाही कमीजास्त होतो. तो बदलतो तर त्यावर काम करता येईल, हा विचार तिथून सुरू झाला. तिचा पती कारेल बोबाथ याने त्याला मज्जासंस्थेच्या शास्त्राची जोड दिली. पुढे त्यांची अनेक स्पष्टीकरणे शास्त्राने मागे टाकली, पण दुबळ्या बाजूला वाऱ्यावर न सोडण्याचा धडा टिकला.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेंझीचे. १९५६ मध्ये वेलिंग्टनच्या त्याच्या दवाखान्यात कंबरेपासून गुडघ्यापर्यंत कळा येणारा एक रुग्ण आला. त्याला पुढे वाकता येत होते, मागे वाकता येत नव्हते. मॅकेंझीने त्याला टेबलावर पालथे झोपायला सांगितले आणि तो दुसऱ्या कामात गुंतला. टेबलाची एक बाजू आधीच्या रुग्णासाठी वर उचललेली होती, ती तशीच राहिली होती. रुग्ण कंबर मागे कमानीसारखी वाकवून काही मिनिटे पडून राहिला. त्या काळच्या समजुतीने ही स्थिती कंबरेला घातक. मॅकेंझी परतला तो हादरलाच, पण रुग्ण म्हणाला की पायाची कळ गेली आहे आणि कित्येक आठवड्यांत इतके बरे वाटले नव्हते. असा प्रसंग कुणाच्याही दवाखान्यात घडू शकतो. बहुतेकांनी टेबल सरळ केले असते, सुटलो म्हटले असते आणि विसरून गेले असते. मॅकेंझीने दुसऱ्या दिवशी ती स्थिती मुद्दाम दिली, मग इतर रुग्णांना देऊन पाहिली, कुणाला उपयोग होतो आणि कुणाला होत नाही याच्या नोंदी ठेवल्या. पायातली कळ वर सरकत कंबरेत गोळा होणे हे चांगले लक्षण आहे, हा त्यातून निघालेला नियम आज जगभर वापरला जातो. त्याचे कंबरेवरचे पुस्तक यायला मात्र १९८१ उजाडले. पंचवीस वर्षे तो एकाच आश्चर्याचा पाठपुरावा करत होता.

ॲडलेडच्या जेफ्री मेटलंडने हे सगळे रोजच्या कामाच्या रीतीत बसवले. १९६४ मध्ये त्याचे मणक्यावरच्या उपचारांचे पुस्तक आले. त्याची पद्धत सांगायला सोपी आणि पाळायला अवघड आहे. रुग्णाची मुख्य तक्रार दाखवणारी एक हालचाल निवडायची आणि नोंदवहीत तिच्यापुढे तारांकन करायचे. एकच उपचार द्यायचा. लगेच तीच हालचाल पुन्हा करून घ्यायची. फरक पडला तर तो उपचार पुढे, नाही पडला तर अंदाज चुकला. मान वळवताना उजवीकडे अर्ध्यावर अडते, हे तारांकन. मणक्यावर अंगठ्यांनी हलका दाब दिला, पुन्हा मान वळवली, चार बोटे जास्त वळली. यात उपचार आणि तपासणी वेगळी राहत नाहीत. प्रत्येक स्पर्श हा एक प्रश्न होतो आणि रुग्णाचे शरीर त्याचे उत्तर देते. तीन उपचार एकदम दिले तर बरे कशाने वाटले ते कळत नाही, म्हणून एका वेळी एकच. ही शिस्त साधी वाटते, पण शेक, करंट आणि व्यायाम एका बैठकीत उरकणाऱ्या दवाखान्यांत तीच पहिली मोडते.

या सवयीला सिद्धांताचे नाव मिळाले ते बाहेरून. अमेरिकेत जॉन ड्यूईने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच विचार कसा चालतो याचे विवेचन करताना अडचणीतून जन्मणाऱ्या चिंतनाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले होते. १९८३ मध्ये डोनाल्ड शॉनने वास्तुविशारद, मानसोपचारतज्ज्ञ, अभियंते अशा व्यावसायिकांचे काम पाहून चिंतनाचे दोन प्रकार मांडले. एक काम चालू असतानाचे, दुसरे काम संपल्यावरचे. फिजिओथेरपीच्या शिक्षकांनी ही मांडणी चटकन उचलली, कारण त्यांच्या पेशात हे दोन्ही रोज दिसत होते. गेल जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये बारा नामवंत अमेरिकी फिजिओथेरपिस्टांचे काम जवळून पाहून लिहिले की या सगळ्यांच्या ज्ञानाचा मोठा झरा रुग्ण स्वतः होता. ते रुग्णाचे ऐकत, त्याच्या घरातले आणि कामातले तपशील विचारत आणि आपल्या विचारांवरही नजर ठेवत. २०१० मध्ये सुसान वेनराइट यांच्या गटाने नवख्या आणि अनुभवी फिजिओथेरपिस्टांची तुलना केली. मागे वळून विचार दोघेही करत होते. अनुभवी मात्र हात चालू असतानाच विचार करत, हालचाल अपेक्षेपेक्षा वेगळी दिसली की तिथल्या तिथे बेत बदलत. नवख्यांचे चिंतन बहुधा रुग्णाला आज काय जमले आणि काय नाही याभोवती फिरे. अशा अभ्यासांत माणसे मोजकी असतात, त्यामुळे निष्कर्ष ताणू नयेत. पण दवाखान्यात वीस वर्षे काढलेल्या कुणालाही त्यात ओळखीचे काही सापडेल.

बैल विकत घेणारा देवणीचा शेतकरी आधी त्याला चालवून पाहतो. रंग, शिंगे, वशिंड नंतर. खूर कसा पडतो, खांदा कुठे झुकतो, वळताना मागचा पाय ओढतो का, हे तो बोलता बोलता हेरतो. अनुभवी फिजिओथेरपिस्टही रुग्ण दारातून आत येतानाच अर्धे काम करून मोकळा होतो. खुर्चीत बसताना हात कुठे टेकला, चप्पल कोणत्या बाजूने झिजली आहे, वळताना मान वळली की अख्खे धड वळले. या पहिल्या नजरेचा धोका असा की ती पटकन खात्री वाटायला लावते, आणि तिला तपासून घेण्यासाठीच फेरविचार लागतो.

लातूर-देवणी ज्या मराठवाड्यात येतात, तिथे मात्र फिजिओथेरपी बराच काळ परकी राहिली. औरंगाबादला १९५६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय झाले, सत्तरीच्या दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले, लातूरमध्ये डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रिया होऊ लागल्या, हाडे बसू लागली. पण प्लास्टर काढल्यावर आखडलेला कोपर किंवा गुडघा मोकळा करायला माणूस क्वचितच मिळे. खेड्यातला रुग्ण प्लास्टर निघाले म्हणजे बरा झालो असे समजून घरी जाई आणि तो कोपर जन्मभर तसाच वाकडा राही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र उलटत होती आणि माणसे गाढ झोपेत होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली दगड-मातीची, जाड माळवदाची घरे अंगावर कोसळली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो, जखमी त्याहून कितीतरी जास्त, बावन्न गावे पार जमीनदोस्त. मातीच्या ढिगाखाली दबलेल्या माणसाचे हातपाय मोडतात, मणका मोडतो, चेंगरलेले स्नायू मरतात. पहिल्या आठवड्यात जीव वाचवणे हेच काम असते. त्यानंतरच्या महिन्यांत प्रश्न येतो तो उठून बसण्याचा, चालण्याचा, शौचाला जाण्याचा, आणि इथे शहरी पुस्तक अपुरे पडते. चाकाची खुर्ची चालवायला सपाट जमीन लागते. पत्र्याच्या तात्पुरत्या शेडभोवती चिखल आणि दगड असतात. दोन्ही पाय गेलेल्या माणसाला खुर्चीतून पलंगावर सरकायला शिकवतात, पण त्याच्या घरी पलंगच नसतो, सतरंजी असते. जमिनीवरून वर आणि वरून जमिनीवर जाता येणे, हा या भागातल्या पुनर्वसनाचा पहिला धडा व्हायला हवा. भूकंपाने मराठवाड्याच्या आरोग्यसेवेला अपंगत्वाकडे पाहायला लावले. त्या धक्क्याची किंमत फार मोठी होती.

पुढच्या दशकांत शिक्षण जवळ आले. लातूरमध्ये महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ फिजिओथेरपी हे महाविद्यालय आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची १९९८ मध्ये स्थापना झाल्यावर राज्यातली फिजिओथेरपीची महाविद्यालये एका छत्राखाली आली. २००२ च्या राज्य कायद्याने ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी परिषद निर्माण झाली, नोंदणी सक्तीची झाली, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले. या कायद्यांनी अधिकार दिले, जबाबदारीही दिली. चिठ्ठीवर काम करणारा आता स्वतः तपासून ठरवू लागला, आणि स्वतः ठरवणाऱ्याला आपल्या निर्णयाचे उत्तर द्यावे लागते. पदवीच्या अभ्यासक्रमात रुग्णाची माहिती, तपासणी, अंदाज आणि योजना अशा क्रमाने नोंद लिहायला शिकवतात. विद्यार्थी ती परीक्षेसाठी लिहितो. तिचा खरा उपयोग त्याला पुढे पाच-सहा वर्षांनी कळतो, तेव्हा वही बहुधा सुटलेली असते.

तालुक्याच्या गावात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या फिजिओथेरपिस्टपुढचे प्रश्न मुंबईच्या वॉर्डापेक्षा निराळे असतात. मोठ्या रुग्णालयात सकाळच्या फेरीत वरिष्ठ विचारतात की हे का केले. तालुक्याला असे विचारणारे कुणी नसते. रुग्ण येतो तोच निदान घेऊन: मणक्यात गॅप आलाय, नस दबलीय, गुडघ्याची वाटी झिजलीय, खांदा जाम झालाय. एक्स-रेची पिशवी हातात असते आणि अपेक्षा करंटची. मशीन लावले की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. नुसता व्यायाम सांगितला तर काहीच केले नाही असे वाटते. या दबावापुढे अनुभवी माणूसही घसरू शकतो आणि घसरतो. त्याला सावरणारी गोष्ट म्हणजे मशीन लावण्याआधी आणि लावल्यानंतर तीच एक हालचाल पाहण्याची मेटलंडची सवय. रुग्णालाही ती दिसते. मघाशी हात कानापर्यंत जात होता, आता डोक्यावर गेला, आणि हे करंटने नव्हे तर खांदा धरून दिलेल्या हालचालीने झाले, हे त्याने स्वतः अनुभवले की व्यायामावरचा त्याचा विश्वास वाढतो.

खरी कसोटी मात्र दवाखान्याबाहेर लागते. या भागात सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी ही पिके. खुरपणी उकिडवे बसून होते, सोयाबीनची काढणी कंबरेत वाकून विळ्याने. ऑक्टोबरच्या सुमारास दिवसभर वाकून राहिलेल्या बाईची कंबर धरली नाही तरच नवल. तिला वाकू नका, खाली बसू नका असे सांगणारा सल्ला छापील कागदावर योग्य आणि तिच्यासाठी निरुपयोगी. ती मान डोलावते, घरी जाते, दुसऱ्या दिवशी शेतात वाकते आणि परत येत नाही. न आलेल्या रुग्णाचा अर्थ लावणे हा फेरविचाराचा सगळ्यात अवघड भाग आहे. नवखा म्हणतो, बरे वाटले असेल. मुरलेला विचारतो की मी तिला असे काय सांगितले जे तिला करता येणार नव्हते. पुढच्या बाईला तो वेगळे सांगतो. वाकू नका असे न म्हणता प्रत्येक ओळ संपली की बांधावर उभे राहून दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच-सात वेळा मागे वाका. दिवसभर एकाच अंगावर कापू नका. खुरपताना एक गुडघा टेकवा, थोड्या वेळाने दुसरा. भाऱ्याचे ओझे एकटीने उचलू नका. पुढे वाकून झालेले दुखणे मागे वाकून हलके होते, हे मॅकेंझीच्या टेबलावर कळलेले सूत्र इथे सोयाबीनच्या रानात वापरले जाते. ते प्रत्येकीला लागू पडत नाही. कळ पायात खाली खाली सरकत असेल, पायाला मुंग्या किंवा कमजोरी असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल तर मागे वाकवण्याआधी थांबावे लागते आणि शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे पाठवावे लागते. कुणाला थांबवायचे हे ओळखणे फेरविचारातूनच येते.

गुडघ्याचेही तसेच. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मांडी घालू नका, उकिडवे बसू नका, कमोड वापरा असे सांगणे सोपे. पंगत, भजन, देवघर, शौचालय हे सगळे जिथे जमिनीशी बांधलेले आहे, त्या आयुष्यात हा सल्ला माणसाला माणसांतून उठवतो. जमिनीवर बसता येणे ही पाश्चात्त्य पुस्तकांत फारशी न मोजलेली क्षमता आहे. अनुभवी फिजिओथेरपिस्ट ती मोजू लागतो: किती वेळ मांडी घालता येते, उठताना हात टेकावा लागतो का, बाजेच्या कडेला धरून उठता येते का. महिन्याने पुन्हा तेच विचारतो. वाटीची झीज एक्स-रेत तशीच राहते, पण हाताचा आधार सुटला तर सुधारणा झाली.

अशा ठिकाणी साधी वही सगळ्यात कामाची ठरते. प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे एक ओळ पुरते: पहिल्या दिवशीची एक हालचाल, दिलेला एक उपचार, शेवटच्या भेटीतली तीच हालचाल आणि आपला अंदाज बरोबर होता का. महिन्यातून एकदा ती वही उघडून न आलेल्यांची नावे वेगळी काढली आणि त्यातल्या काहींना फोन केला तर जी उत्तरे मिळतात ती परिषदांच्या व्याख्यानांत मिळत नाहीत. कुणी उदगीरला गेलेले असते, कुणी लातूरला ऑपरेशन करून घेतलेले असते, कुणाचे दुखणे खरोखरच थांबलेले असते. फोनवर व्हिडिओ पाठवून व्यायाम बरोबर होतो आहे का हे दाखवण्याची सोयही आता झाली आहे, आणि नातवाने काढलेल्या व्हिडिओत आजीने व्यायाम कोणत्या जागी, कशाचा आधार घेऊन केला तेही दिसते. त्या व्हिडिओत स्नायूचा ताण मात्र हाताला लागत नाही. पक्षाघातानंतरचा ताठरपणा, खांद्याची अडक, मणक्याची हलकी हालचाल यांसाठी रुग्णाला देवणीला यावेच लागते, आणि म्हणून मुरलेले लोक फोनवर विचारतात तो पहिला प्रश्न व्यायामाचा नसतो. ते विचारतात की पुढच्या आठवड्यात यायला जमेल का, आणि नसेल जमत तर कशामुळे.